काचेच्या पॅनेलचे क्लॅम्प: बसवणं, जुळवणं, आवळणं

काच क्लॅम्पमध्ये हलतेय असं दिसलं की पहिला हात ॲलन कीकडे, म्हणजे षटकोनी चावीकडे जातो. बहुतेक वेळा बोल्ट ढिला नसतोच. रबर चुकीच्या जाडीचं असतं, नाहीतर चार क्लॅम्प एका पातळीत नसतात, आणि या दोन्ही चुका बोल्ट कितीही आवळला तरी सुधारत नाहीत. सुधारायच्या नादात काच मात्र फुटते. म्हणून इथे मापं आणि रबर आधी घेतलंय, आवळणं शेवटी.

पुढचं सगळं जिना, गॅलरी किंवा गच्चीच्या रेलिंगबद्दल आहे: दोन खांब, मध्ये काच, दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार क्लॅम्प. वर हात धरायला वेगळा पाइप आहे आणि माणसाचा भार तो पाइप आणि खांब घेतात, असं धरलंय. पाइप नसलेली, नुसत्या काचेवर उभी असणारी रेलिंग हे वेगळं काम आहे. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय करू नये.

क्लॅम्प निवडताना

क्लॅम्पचे भाग मोजकेच. खांबाला बोल्टने बसणारा मागचा भाग, काचेवर बसणारं झाकण, दोघांच्या मध्ये दोन रबरं आणि झाकण आवळायला एक किंवा दोन ॲलन स्क्रू. काहींमध्ये काच खाली घसरू नये म्हणून पिन किंवा तळाशी छोटी पट्टी असते.

खांब चौकोनी असेल तर सपाट पाठीचा क्लॅम्प, गोल असेल तर त्याच व्यासाच्या खोबणीचा. ४२.४, ४८.३ आणि ५०.८ मिमी हे गोल पाइपचे नेहमीचे व्यास. हातात घेतल्यावर ते सारखेच वाटतात, म्हणून व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचे दशांश दाखवणाऱ्या मोजपट्टीने मोजा. ५०.८ ची खोबणी ४२.४ च्या पाइपवर लावली तर क्लॅम्प फक्त मधोमध टेकतो आणि पाळण्यासारखा डुलतो. सपाट पाठ गोल पाइपवर लावली तर तेच होतं, फक्त जास्त.

धातू कुठला? घराच्या आत ३०४ स्टेनलेस पुरतं. समुद्रकिनारी किंवा पोहण्याच्या तलावाजवळ ३१६ घ्या. झिंकचे, म्हणजे झॅमॅकचे ओतीव क्लॅम्प स्वस्त असतात, वर मुलामा देऊन स्टीलसारखे चमकवलेले असतात आणि आतल्या कामाला चालतात. पण त्यांचे आटे मऊ असतात, आणि खाऱ्या हवेत मुलामा फुगून सुटतो. चुंबक लावून ओळखू असं म्हणणारे बरेच भेटतात. झॅमॅकला चुंबक लागत नाही आणि ३०४ लाही जवळजवळ लागत नाही, त्यामुळे त्या परीक्षेतून काही कळत नाही. आतल्या बाजूला, स्क्रूच्या भोकाजवळ कानशीने जरा घासून बघा: मुलाम्याखालून निळसर-राखाडी मऊ धातू निघाला तर झॅमॅक.

रबर: खरी पकड इथे ठरते

बऱ्याच क्लॅम्पमध्ये झाकण आणि मागचा भाग आवळल्यावर धातूला धातू टेकतो. एकदा टेकला की पुढे कितीही जोर लावा, काचेवर दाब वाढत नाही. तो दाब आधीच ठरलेला असतो: जबड्यातली (झाकण आणि मागचा भाग यांच्या मधली) जागा, काचेची जाडी आणि रबरांची जाडी या तीन आकड्यांनी.

उदाहरण घेऊ. बंद झाल्यावर जबड्यात १६ मिमी जागा आहे. काच १२ मिमी, दोन्ही रबरं प्रत्येकी २.५ मिमी. एकूण १७. म्हणजे रबरं मिळून १ मिमी दबतात, त्यांच्या ५ मिमी जाडीचा पाचवा हिस्सा. ही चांगली पकड. आता त्याच रबरात १० मिमीची काच घातली तर बेरीज १५. काच जबड्यात १ मिमी मोकळी खडखडत राहील आणि स्क्रू मात्र घट्ट असेल.

शिवाय १२ मिमी म्हणून आलेली काच नेमकी १२ नसते. साध्या फ्लोट काचेला ८ ते १२ मिमी जाडीत ०.३ मिमी इकडेतिकडे चालतं. वरच्या उदाहरणात काच ११.७ ची आली तर रबर ०.७ दबेल, १२.३ ची आली तर १.३. दोन्ही चालतात. म्हणजे काचेतला हा नेहमीचा फरक रबर सोसून घेतं, पण रबर निवडण्यातली चूक सोसत नाही.

लॅमिनेटेड काचेत इथेच घोटाळा होतो. ५ आणि ५ च्या काचा, मध्ये १.५२ चा थर, म्हणजे ११.५२. ५+५ मध्ये ०.७६ चा थर असेल तर १०.७६. ६+६ मध्ये १.५२ असेल तर १३.५२. बोलताना सगळे ‘बाराची लॅमिनेटेड’ म्हणतात आणि १२ चं रबर येतं. ऑर्डर देताना दशांशासकट जाडी लिहा, आणि काच आल्यावर तीन-चार ठिकाणी व्हर्नियर लावून मगच रबराचं पाकीट उघडा.

रबर ईपीडीएमचं घ्या; हे एक कृत्रिम रबर आहे, उन्हात टिकतं. दोन्ही बाजूंचं सारख्या जाडीचं असावं. रबर कमी पडलं म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पुठ्ठा किंवा सिलिकॉनचा थर घालू नका. ट्यूब काही महिन्यांत चपटी होते, पुठ्ठा पहिल्या पावसात संपतो. आणि रबराला साबणाचं पाणी, ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे कधीच लावू नका. काच सरकवायला सोपी जाते खरी, पण काच घर्षणावर टिकणार असते आणि तुम्ही तेच काढून घेतलेलं असतं.

काच मागवण्याआधी

टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच, टफन झाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून मिलिमीटरभर कमीही करता येत नाही. माप, भोकं, खाचा सगळं भट्टीत जाण्याआधी. म्हणून खांब पक्के रोवून झाल्याशिवाय काचेचं माप घेऊ नका. नकाशावरून माप काढून काच आणि खांब एकाच वेळी मागवण्याची घाई बरेच जण करतात. खांब ५ मिमी सरकला की ती काच भंगारात जाते.

दोन खांबांमधलं मोकळं अंतर वर, मध्ये आणि खाली घ्या. कर्णही मोजा. आता एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधली एक जागा, जवळून बघू.

वर १००४, मध्ये १००२, खाली ९९९. धरायचं ९९९. क्लॅम्पच्या पत्रकात दोन आकडे असतात: खांबापासून क्लॅम्पच्या टोकापर्यंत ५० मिमी, आणि खांबापासून जबड्याच्या आतल्या भिंतीपर्यंत १८ मिमी. काचेची कड त्या भिंतीला कधीच टेकू नये, निदान २ मिमी हवा हवी. म्हणजे प्रत्येक बाजूला २० मिमी सोडायचे: ९९९ वजा ४० म्हणजे ९५९. पण काच कापताना २ मिमी जास्त आली तर ९६१ होईल आणि खाली प्रत्येक बाजूला १९ च उरतील, भिंतीपासून फक्त १ मिमी. म्हणून ९५७ मागवा. मग खाली प्रत्येक बाजूला २१ राहतात आणि जबड्यात २९ मिमी काच जाते, वर २३.५ राहतात आणि २६.५ जाते. दोन्हीकडे पकड भरपूर. काच थोडी लहान असली तर क्लॅम्प ती सांभाळून घेतो, मोठी असली तर इलाज नाही.

तुमच्या क्लॅम्पचे आकडे वेगळे असतील, हिशोब हाच.

जिन्याच्या तिरप्या काचेसाठी मापं सांगण्यापेक्षा प्लायचा किंवा हार्डबोर्डचा साचा कापा. साचा खांबांमध्ये धरून बघा आणि त्याच्यावर ‘बाहेरची बाजू’, ‘वर’ असं ठळक लिहून द्या. समांतरभुज चौकोनासारखी काच उलटी केली की डावीची उजवी होते. पिनसाठी भोक असेल किंवा एकाच बाजूला पोत असेल तर ती चूक पचत नाही.

भोकाची जागा आणि व्यास क्लॅम्पच्या चित्रावरून घ्या आणि काचवाल्याकडून मंजूर करून घ्या. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा लहान नसावा. भोक कडेच्या फार जवळ आलं तर काच भट्टीतच फुटते.

टफन की लॅमिनेटेड? काचेपलीकडे कोणी खाली पडू शकेल अशी उंची असेल तर लॅमिनेटेड टफन घ्या. साधी टफन फुटली की सगळी काच चुरा होऊन खाली येते आणि गाळा उघडा पडतो. लॅमिनेटेडमध्ये मधला थर तुकडे धरून ठेवतो. पण दोन्ही थर फुटले तर ती काच ओल्या गोधडीसारखी लोंबते आणि जबड्यातून निसटू शकते, म्हणून अशा ठिकाणी भोकातून जाणाऱ्या पिनचे क्लॅम्प.

खुणा आणि भोकं

क्लॅम्प काचेच्या उंचीच्या साधारण पाव भागावर येतो: ८५० मिमी उंच काचेला वरून २०० आणि खालून २०० च्या आसपास. अगदी कोपऱ्यात लावू नका. टफन काच पृष्ठभागावर दणकट असते, कड आणि कोपरा हीच तिची दुखरी जागा.

काचेखालची फट आधी ठरवा. बऱ्याच देशांच्या नियमांत रेलिंगच्या कुठल्याही फटीतून साधारण १०० मिमीचा चेंडू जाऊ नये असं असतं. फट ८० ठेवली तर खालच्या क्लॅम्पचा मध्य फरशीपासून ८० अधिक २०० म्हणजे २८० वर. फरशीला उतार असेल तर प्रत्येक खांबावर फरशीपासून मोजू नका. लेझर किंवा पाण्याच्या नळीने सगळ्या खांबांवर एक समपातळी आखा आणि तिच्यावरून मोजा.

गोल पाइपवर मधली रेघ काढणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. इथली चूक पुढे मोठी होते. ४२.४ च्या पाइपवर भोक १ मिमी बाजूला गेलं तर क्लॅम्प तेवढा वळतो आणि जबड्याच्या मध्याशी, पाइपपासून ३५ मिमी पुढे, ती चूक अडीच मिमीच्या वर जाते. शिवाय जबडा तिरपा होतो तो वेगळाच. उपाय साधा: कागदाची पट्टी पाइपला गुंडाळून घेराएवढी कापा, तिला चार घड्या घाला, घड्यांच्या खुणा पाइपवर उतरवा. मग एल आकाराचा अँगल पाइपवर पालथा ठेवला की तो आपोआप पाइपला समांतर बसतो. त्याच्या कडेने रेघ मारा.

भोक असं पाडा: सेंटर पंच, मग ३ ते ४ मिमीचं पायलट, मग पूर्ण मापाचं. स्टेनलेसला कोबाल्ट ड्रिल, कमी वेग, जोराचा दाब आणि कटिंग तेल. वेग जास्त आणि दाब कमी ठेवला की ड्रिल नुसतं घासतं, स्टील त्या जागी कडक होतं आणि मग नवं ड्रिलही आत जात नाही.

८ मिमीच्या बोल्टसाठी आटे पाडायचे तर भोक ६.८ मिमी. पण आधी पाइपची भिंत किती जाड आहे ते बघा. एम ८ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. २ मिमी जाड भिंतीत दोन आटेसुद्धा पूर्ण येत नाहीत. असा क्लॅम्प पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि कोणी काचेला दोनदा गुडघा टेकवला की आट्यांसकट बाहेर येतो. पातळ पाइपला रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून बसवायचा आटे असलेला नट, घाला (एम ८ ला बहुतेक ११ मिमीचं भोक लागतं, नटच्या डब्यावर बघा), नाहीतर आरपार बोल्ट घ्या.

स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या आट्यात कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत रुततात आणि बोल्ट मागेही येत नाही, पुढेही जात नाही. अँटी-सीझ पेस्टचा ठिपका लावा आणि हाताने फिरवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामापुरता पेटीत राहू दे.

चारही क्लॅम्प एका पातळीत

काच वाकत नाही. चारपैकी एक क्लॅम्प पुढे-मागे असला आणि तुम्ही झाकणं आवळली, तर काचेला पीळ बसतो. ती लगेच फुटेलच असं नाही. बऱ्याचदा आठवड्यांनी, दुपारच्या उन्हात किंवा रात्रीच्या गारव्यात, कोणी हात न लावता फुटते आणि मग सगळे काचेच्या कारखान्याला नावं ठेवतात.

तपासायला दोन बारीक दोऱ्या पुरतात. चारही क्लॅम्पचे मागचे भाग बोल्टने हलके बसवा, झाकणं काढलेली. वरच्या डाव्या क्लॅम्पच्या बसणीपासून खालच्या उजव्यापर्यंत एक दोरी ताणा. दुसरी उलट्या कर्णाने. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना अलगद टेकल्या तर चारही एका पातळीत आहेत. फट दिसली तर तिची दुप्पट चूक कुठल्यातरी एका क्लॅम्पमध्ये आहे: मध्ये २ मिमी फट म्हणजे एक क्लॅम्प बाकी तिघांच्या पातळीपासून ४ मिमी बाहेर. एक दोरी दुसरीला दाबून वाकवत असेल तर दोऱ्यांचा क्रम उलटा करा, मग फट दिसेल. ही चूक १ मिमीच्या आत आणा, म्हणजे मधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. तेवढं रबर सोसतं.

चूक सापडली की आधी खांबाला ओळंबा लावा. दहापैकी आठ वेळा क्लॅम्प निर्दोष असतो आणि खांबच कललेला असतो. खांबाच्या तळपट्टीखाली स्टेनलेसची पातळ पट्टी सारून तो उभा करा. खांब सरळ असूनही क्लॅम्प बाहेर असेल तर बोल्टचं भोक गोल कानशीने हव्या त्या बाजूला लांबवा आणि मागे रुंद वॉशर घाला; आटे पाडलेल्या भोकात हे जमत नाही, तिथे नवं भोक थोडं वर किंवा खाली पाडावं लागतं. क्लॅम्प आणि खांब यांच्यात वॉशर भरून ही चूक जात नाही हे ध्यानात घ्या. तो वॉशर क्लॅम्पला दुसऱ्या खांबाकडे ढकलतो, पुढे-मागे नाही.

पातळीनंतर जबड्यांची दिशा. १२ मिमी प्लायचा हातभर तुकडा वरच्या आणि खालच्या क्लॅम्पमध्ये उभा घालून बघा. तो दोन्ही जबड्यांत न अडखळता सपाट बसला पाहिजे. बसला की मागचे बोल्ट पूर्ण आवळा आणि दोऱ्या पुन्हा एकदा लावा, कारण शेवटचा अर्धा फेरा क्लॅम्पला फिरवतो.

काच उचलणं आणि ठेवणं

काचेचं वजन: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. ९५७ बाय ८५० ची १२ मिमी काच सुमारे साडेचोवीस किलो भरते. एकट्याने उचलता येते, म्हणूनच लोक एकट्याने उचलतात आणि कोपरा फरशीला लावून फोडतात. दोन माणसं लावा, व्हॅक्यूम कप वापरा. कप लावण्याआधी काच पुसा, धुळीवर कप धरत नाही. हातमोजे, चष्मा, बंद बूट. काच उभी न्या, आडवी नाही. खाली ठेवायची तर लाकडाच्या दोन पट्ट्यांवर, कधीही थेट दगडावर किंवा टाइलवर नाही.

रबरं मागच्या भागात बसवून घ्या. रबराची जीभ खोबणीत नीट गेली आहे का ते बोटाने चाचपा. एक कोपरा दुमडलेला राहिला तर काच तिथे उचललेली राहते. काचेच्या कडेची पट्टी आणि रबर दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

फटीएवढ्या उंचीचे, म्हणजे ८० मिमीचे दोन लाकडी ठोकळे, वर रबराचा तुकडा ठेवून, काचेच्या रुंदीच्या पाव अंतरावर ठेवा. मग:

१. काच ठोकळ्यांवर उभी करून चारही रबरांना टेकवा. एक माणूस शेवटपर्यंत काच सोडणार नाही.

२. डावी-उजवी फट सारखी करा. काचेची कड जबड्याच्या भिंतीपासून निदान २ मिमी दूर आहे ना, ते चारही ठिकाणी वाकून बघा.

३. वरच्या कडेला लेव्हल लावा. फरक ठोकळ्यावर पातळ प्लास्टिक पॅकिंग ठेवून काढा.

४. झाकणं रबरासकट लावा, स्क्रू हाताने, बोटांच्या जोरापर्यंतच.

५. आता ॲलन कीने, कर्णाच्या क्रमाने: वर डावा, खाली उजवा, वर उजवा, खाली डावा. प्रत्येकाला अर्धा फेरा, मग पुढचा. एका क्लॅम्पला दोन स्क्रू असतील तर दोन्ही आलटून पालटून.

६. झाकण टेकलं की पाव फेरा आणि थांबा.

७. ठोकळे काढा. काच केसभरही खाली येता कामा नये. आधी काचेवर क्लॅम्पच्या कडेने पेन्सिलची खूण किंवा मास्किंग टेप लावून ठेवली तर कळतं.

‘टेकलं’ कसं ओळखायचं? धातूला धातू टेकणाऱ्या क्लॅम्पमध्ये की एकदम जड होते. काही क्लॅम्पमध्ये झाकण टेकतच नाही, एक बारीक सारखी फट राहते आणि दाब रबरच घेतं. तिथे फट दोन्ही टोकांना सारखी ठेवायची आणि उत्पादकाने टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचा आकडा, दिला असेल तर टॉर्क रेंच वापरायचा. रबर जबड्याबाहेर ओठासारखं फुगलं की आवळणं जास्त झालं, तसाच अर्धा फेरा मागे या.

ॲलन की लांब दांड्याने धरू नका, तरफ जास्त मिळते आणि जोराचा अंदाज जातो. झॅमॅकच्या क्लॅम्पमध्ये तर आटे आधी जातात, आवाज नंतर येतो.

पिन आणि सेफ्टी पट्टी

काच घर्षणावर टिकावी आणि पिन शेवटचा आधार असावी. काच रोजच पिनवर बसलेली असेल तर तिचं सगळं वजन भोकाच्या दोन बिंदूंवर येतं. पिनला नायलॉन किंवा रबरी नळी असलीच पाहिजे आणि भोकात तिच्याभोवती मोकळी जागा हवी. धातूची पिन काचेला थेट लागली की ती काच कधीतरी त्याच भोकापासून फुटणार. काच बसल्यावर पिन हाताने फिरवून बघा. अडकली असेल तर काच वर-खाली करून मोकळी करा, पिन ठोकू नका. काचेच्या खालच्या कडेखाली येणाऱ्या सेफ्टी पट्टीलाही रबर हवंच.

बिघाड आणि त्यांची कारणं

स्क्रू घट्ट, काच तरी खडखडते: रबर पातळ. झाकण उघडा, जबडा आणि काच व्हर्नियरने मोजा, बेरीज करा. दुसरं काही तपासण्यात वेळ घालवू नका.

काच हळूहळू खाली उतरतेय: रबर पातळ नसेल तर तेलकट असतं. ड्रिलचं कटिंग तेल बोटांवरून रबराला लागलेलं असतं. काच ठोकळ्यांवर घेऊन रबर बदला. पुसून पुन्हा वापरलेल्या रबरावर भरवसा नाही.

झाकण एका टोकाला टेकतं, दुसऱ्याला उघडं: रबर दुमडलंय, किंवा जबडा काचेला समांतर नाही. आवळून बंद करू नका. तो जबडा काचेच्या एकाच रेषेवर दाबतोय.

तीन क्लॅम्प बसले, चौथ्याचं झाकण लागत नाही: पीळ. दोऱ्यांकडे परत जा. काचेतही बाक असू शकतो. टफन काचेला मीटरमागे ३ मिमीपर्यंत बाक मान्य असतो. काच उभी करून कडेवर सरळ पट्टी लावून बघा. त्यापेक्षा जास्त असेल तर परत पाठवा. कमी असेल तर एका रांगेतल्या सगळ्या काचांचा फुगवटा एकाच बाजूला येईल असं लावा, नाहीतर प्रतिबिंबं एकमेकांशी भांडतात.

रांगेत एक काच पुढे दिसते: लांबून बघा, मग सगळ्या वरच्या कडांना एक दोरी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक वेगळ्या जाडीच्या रबरांच्या जोडीने निघतो, एकीकडे २ आणि दुसरीकडे ३. त्यापेक्षा जास्तीला क्लॅम्पच हलवावा लागतो.

क्लॅम्पच्या काठाशी काच फुटली: धातू काचेला लागला. हवामान बदललं की स्टेनलेस काचेच्या जवळजवळ दुप्पट फुगतं-आकुंचतं. मीटरभर लांबीत ४० अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे ०.३ मिमी अंतर पडतं. रबर असेल तिथे ते विरून जातं, कड भिंतीला टेकलेली असेल तिथे नाही. नवी काच लावण्याआधी जबड्यातला चुरा पूर्ण झाडा. एक कण राहिला तरी पुढची काच त्याच जागी फुटते.

लॅमिनेटेडच्या कडेला पांढुरका डाग: जबड्यात पाणी साचतंय, किंवा कोणीतरी व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन भरलंय. ते ॲसिडिक असतं, मधल्या थराला सोडवतं. भरायचंच असेल तर न्यूट्रल सिलिकॉन. आणि क्लॅम्पची खालची बाजू कधी बंद करू नका, पाणी उतरायला तीच वाट असते.

स्टेनलेसवर तपकिरी ठिपके: शेजारी लोखंड ग्राइंड केलं आणि ठिणग्या येऊन चिकटल्या, किंवा फरशी ॲसिडने धुताना शिंतोडे उडाले. पहिलं कारण असेल तर पिकलिंग पेस्ट किंवा बारीक नायलॉन स्क्रबरने निघतं. ॲसिडने मात्र स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि ते राहतात. म्हणून फरशीची ॲसिड धुलाई उरकल्याशिवाय क्लॅम्प लावूच नयेत, हे रंगारी आणि टाइलवाल्याला आधी सांगून ठेवा.

नंतरची देखभाल

नवं रबर दबून थोडं बसतं. दोन-तीन आठवड्यांनी सगळे स्क्रू एकदा तपासा. झाकण टेकलेलंच आहे ना एवढंच बघायचं, नवा फेरा द्यायचा नाही. मग वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर: काच हाताने हलवून बघणं, रबराला चिरा आहेत का, पिन मोकळी आहे का, खांबाचे तळबोल्ट. धुवायला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. तारेचा ब्रश स्टेनलेसवर चालवू नका.

एक कागद जपून ठेवा: प्रत्येक गाळ्याचं काचेचं माप, दशांशासकट जाडी, भोकांच्या जागा, क्लॅम्पचा नमुना आणि रबराची जाडी. काच फुटते तेव्हा तिचा चुरा होतो, मोजायला काही उरत नाही. शेजारच्या गाळ्याची काच त्याच मापाची असेल असं धरून मागवलेली काच बसत नाही, कारण तिथे मोकळं अंतर १००४ असतं आणि इथे ९९९.